तो येईपर्यंत : प्रभुभोजनाविषयी आमच्या पंच समितीस खुले पत्र

प्रति,
आदरणीय पाळकसाहेब व मंडळीच्या (चर्चच्या) पंच समितीचे सर्व सन्माननीय सभासद,

प्रभू येशूच्या नावात आपणा सर्वांस सलाम.

नव्या वर्षाच्या पहिल्या उपासनेत सूचनांच्या वेळी समितीचे जे निर्णय वाचून दाखवण्यात आले, त्यांविषयी हे पत्र आहे. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी होणारा प्रभुभोजनाचा, म्हणजे येशूच्या आठवणीत भाकर व द्राक्षारसाचा प्याला घेण्याचा, विधी यापुढे वर्षातून चार वेळाच होईल. वेळ वाचावा म्हणून विधीची संक्षिप्त प्रत वापरली जाईल, आणि तीत प्रभूच्या पुनरागमनाचा उल्लेख व त्यावर मंडळीने द्यायचा प्रतिसाद नसेल. अंथरुणाला खिळलेल्या सभासदांच्या घरी भाकर व प्याला नेण्याची पद्धत थांबवली जाईल. विधीनंतरच्या प्रीतिभोजनासाठी पैसे भरून कुपन घ्यावे लागेल. त्याच सूचनांत पुढे असेही सांगितले गेले की ‘अंतकाळ’ या विषयावर बाहेरगावच्या वक्त्यांची सलग तीन संध्याकाळ व्याख्याने होतील, शेवटच्या दिवसांतील घटनांचा क्रम तक्त्यांच्या साहाय्याने समजावला जाईल आणि प्रत्येक कुटुंबाने हजर राहावे.

मी समितीला याबाबत लेखी विनंती केली होती. तोंडी उत्तर मिळाले ते असे, की पुनरागमनाचा विषय मतभेदांचा आहे, म्हणून तो विधीत नको. व्याख्यानांत त्याला पुरेशी जागा दिलेली आहे. हे उत्तर सद्भावनेने दिले गेले याविषयी मला शंका नाही. तरीही ते मला मान्य करता येत नाही, आणि प्रश्न सगळ्या मंडळीचा असल्यामुळे मी तो उघडपणे मांडत आहे. आरंभीच्या ख्रिस्ती लोकांनी प्रभुभोजन आणि जगाचा शेवट या दोन गोष्टी कधी वेगळ्या धरल्याच नव्हत्या. येणाऱ्या राज्याची पहिली चव ते मेजाजवळ घेत होते, आणि त्या राज्यात एकमेकांशी कसे वागायचे हेही तिथेच शिकत होते. आपल्या निर्णयांमुळे ती आशा मेजावरून उचलली गेली आहे आणि एका तक्त्यावर नेऊन ठेवली गेली आहे. यात मेजाचे नुकसान आहे आणि आशेचेही.

माझा या विषयाशी काय संबंध, हे सांगणे आवश्यक आहे. याच मंडळीत माझा बाप्तिस्मा झाला, इथेच दृढीकरणानंतर मी पहिल्यांदा प्याल्याला ओठ लावले, आणि पुष्कळ वर्षे दृढीकरणाच्या वर्गाला मी शिकवत आले आहे. त्या वर्गात मुले विचारतात की येशू उठला आहे असे आपण म्हणतो, मग प्रभुभोजनाच्या वेळी शोकसभेला बसल्यासारखे का बसतो? या प्रश्नाचे उत्तर मी विधीतल्याच शब्दांनी देत असे, आणि नेमके तेच शब्द आता गाळले गेले आहेत. दुसरा संबंध घरचा आहे. माझ्या आईला आता जिना उतरता येत नाही. पाळकसाहेब आणि एखादे वडील महिन्यातून एकदा घरी येऊन तिला भाकर व प्याला देत असत, आणि गेली काही वर्षे तिच्या वाट्याला मंडळी आली ती तेवढीच.

आता पहिली तक्रार, आणि माझ्या दृष्टीने सर्वांत गंभीर. ग्रीसमधल्या करिंथच्या मंडळीला प्रेषित पौलाने इफिसहून, इ.स. ५४ च्या सुमारास, जे पत्र लिहिले त्याच्या अकराव्या अध्यायात प्रभुभोजनाविषयीची आपल्याला उपलब्ध असलेली सर्वांत जुनी लेखी साक्ष आहे. चारही शुभवर्तमाने त्यानंतर लिहिली गेली. त्या उताऱ्याच्या शेवटी पौल सांगतो की जितक्या वेळा तुम्ही ही भाकर खाता व हा प्याला पिता, तितक्या वेळा तुम्ही प्रभूच्या मरणाची, तो येईपर्यंत, घोषणा करता. आपल्या संक्षिप्त प्रतीत हे वाक्य ‘मरणाची घोषणा करता’ इथे येऊन थांबते. शास्त्रातले वाक्य मध्येच तोडण्याचा अधिकार वेळेच्या सोयीने मिळत नाही, हे तर आहेच. पण तोडलेला भाग कोणता, ते पाहावे. त्या भागाशिवाय प्रभुभोजन केवळ एका मृत्यूची आठवण उरते. पौलाच्या वाक्यात मंडळी दोन घटनांच्या मध्ये उभी आहे, एक घडून गेलेली आणि एक यायची, आणि भाकर मोडताना तिचा एक हात एकीला तर दुसरा हात दुसरीला लागलेला आहे.

हा विचार पौलाने स्वतः रचलेला नाही. शेवटच्या भोजनाच्या वेळी येशूनेच सांगितले की देवाच्या राज्यात नवा पिईन त्या दिवसापर्यंत मी द्राक्षवेलाचा उपज यापुढे पिणार नाही. मार्काच्या चौदाव्या अध्यायात हे वचन आहे, आणि लूकने ते भाकर व प्याल्याच्या शब्दांच्याही आधी ठेवले आहे. त्याच्या मागे यशया संदेष्ट्याच्या पंचविसाव्या अध्यायातली मेजवानी आहे, जिथे परमेश्वर सर्व राष्ट्रांसाठी डोंगरावर उत्तम भोजन मांडतो, मृत्यूला कायमचा गिळून टाकतो आणि सर्वांच्या चेहऱ्यांवरील अश्रू पुसतो. पूर्वेकडून व पश्चिमेकडून पुष्कळ लोक येऊन अब्राहामाच्या पंक्तीस बसतील, असे येशूने म्हटले तेही याच मेजवानीविषयी. म्हणजे ज्या रात्री त्याने भाकर मोडली, त्या रात्रीच त्या भाकरीला पुढच्या पंक्तीचे वचन जोडले गेले होते.

पौलानंतरच्या पिढ्यांनी हे कसे जपले, त्याचा पुरावा दिदाखे, म्हणजे ‘बारा प्रेषितांची शिकवण’, या छोट्या पुस्तिकेत आहे. बहुतेक अभ्यासक ती पहिल्या शतकाच्या अखेरची किंवा दुसऱ्याच्या सुरुवातीची मानतात. कित्येक शतके ती हरवलेली होती. १०५६ साली नकललेल्या एका हस्तलिखितात ती फिलोथेओस ब्रायेनिओस यांना १८७३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल येथे सापडली आणि १८८३ मध्ये छापून प्रसिद्ध झाली. तिच्या नवव्या व दहाव्या अध्यायांत भोजनाच्या प्रार्थना आहेत. भाकरीवरची प्रार्थना म्हणते की ही मोडलेली भाकर जशी डोंगरांवर विखुरलेली होती आणि गोळा होऊन एक झाली, तशी तुझी मंडळी पृथ्वीच्या टोकांपासून तुझ्या राज्यात एकत्र गोळा होवो. भोजनानंतरची प्रार्थना संपते ती अशी: कृपा येवो आणि हे जग सरून जावो, जो पवित्र असेल तो येवो, जो नसेल तो पश्चात्ताप करो, माराना था, आमेन. ही अरामी आरोळी, ‘प्रभू, ये’, पौलानेही करिंथकरांच्या पत्राच्या शेवटी जशीच्या तशी ठेवली आहे. ग्रीक बोलणाऱ्या लोकांनी परक्या भाषेतली ही हाक तशीच जपली, यावरून ती त्यांच्या उपासनेत किती खोल रुजली होती हे आपण समजू शकतो.

या प्रार्थनांत एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. जगाचा शेवट व्हावा असे मागणारे हे लोक भेदरलेले दिसत नाहीत. ते जेवून उठले आहेत आणि आभार मानत आहेत. नाशाची वर्णने त्यांनाही ठाऊक होती. दिदाखेच्याच सोळाव्या अध्यायात खोटे संदेष्टे आहेत, जगाला फसवणारा आहे, आकाशातली चिन्हे आहेत. परंतु भोजनाच्या वेळी त्यांच्या तोंडी आले ते विखुरलेल्यांना गोळा करण्याचे मागणे.

विषय मतभेदांचा आहे, हे समितीचे कारण मी दुर्लक्षित करत नाही. मतभेद होते आणि ते सुरुवातीपासून होते. जस्टिन हुतात्मा या ख्रिस्ती लेखकाने दुसऱ्या शतकाच्या मध्यात त्रुफो नावाच्या यहुदी गृहस्थाशी झालेला संवाद लिहिला आहे. त्यात तो सांगतो की यरुशलेम पुन्हा उभारले जाईल आणि तिथे हजार वर्षे राज्य चालेल असे मी मानतो. पण त्याच जागी तो हेही सांगतो की शुद्ध व धार्मिक विचारांचे पुष्कळ ख्रिस्ती लोक तसे मानत नाहीत. हिएरापोलिसच्या मंडळीचा अध्यक्ष (बिशप) पापियास याने येणाऱ्या राज्याचे वर्णन करताना अशा द्राक्षवेली सांगितल्या, की प्रत्येक वेलीला दहा हजार फांद्या, प्रत्येक फांदीला दहा हजार डहाळ्या, आणि अशीच ती गणती घडांपर्यंत व मण्यांपर्यंत जाते. दुसऱ्या शतकाच्या अखेरीस मंडळीचा पुढारी असलेल्या इरेनियसने ते वर्णन आदराने उतरवून घेतले आणि येशूच्या ‘नवा पिईन’ या वचनाशी जोडले. पुढे चौथ्या शतकात इतिहासकार युसेबियसने याच पापियासला फार थोड्या बुद्धीचा माणूस ठरवले. इतका मतभेद. परंतु या मतभेदामुळे कोणी प्रभुभोजनाच्या प्रार्थनेतून पुनरागमन काढून टाकले नाही. उलट मंडळीने एकमताने जे धरून ठेवले ते नेमके तेवढेच होते, की तो गौरवाने पुन्हा येईल, जिवंतांचा व मेलेल्यांचा न्याय करील आणि त्याच्या राज्याचा अंत होणार नाही. दर रविवारी आपण ज्या श्रद्धेची कबुली देतो तीत हे आहे. मतभेदांचा भाग आहे तो घटनाक्रमाचा आणि हिशेबांचा. समितीने एकमताचा भाग विधीतून वगळला आणि मतभेदाच्या भागाला तीन संध्याकाळ दिल्या.

पूर्वेकडच्या मंडळ्यांच्या प्राचीन विधींत, ज्यांत याकोबाच्या नावाने ओळखला जाणारा विधीही येतो, याहून धाडसी गोष्ट आढळते. भाकर व प्याल्यावरच्या प्रार्थनेत क्रूस, कबर, पुनरुत्थान, स्वर्गारोहण यांचे स्मरण करता करता ते त्याच ओघात दुसऱ्या, गौरवी येण्याचेही स्मरण करतात. जे अजून घडलेले नाही त्याचे स्मरण कसे करायचे? देवाच्या वचनावर ज्यांचा इतका विश्वास आहे की भविष्यही त्यांना घडल्यासारखे दिसते, तेच हे करू शकतात. ही परंपरा आपल्यापासून दूर नाही. दक्षिण भारतातील संयुक्त मंडळीने १९५० मध्ये प्रभुभोजनाचा नवा विधी तयार केला, तेव्हा केरळच्या सुरियानी विधीतून लोकांचा एक प्रतिसाद घेतला: हे प्रभू, तुझ्या मरणाचे आम्ही स्मरण करतो, तुझे पुनरुत्थान कबूल करतो आणि तुझ्या दुसऱ्या येण्याची वाट पाहतो. रोमन कॅथलिक मंडळीनेही १९६९–७० च्या सुधारित मिस्सात अशा अर्थाचा लोकांचा प्रतिसाद आणला. जागतिक मंडळी परिषदेच्या श्रद्धा व व्यवस्था आयोगाने १९८२ मध्ये पेरू देशातील लिमा येथे मान्य केलेल्या निवेदनात प्रभुभोजनाचा अर्थ ज्या पाच मथळ्यांखाली सांगितला आहे, त्यांतला शेवटचा ‘राज्याचे भोजन’ असा आहे. इतर मंडळ्या हे शब्द शोधून परत आणत असताना आपण हाती असलेले शब्द सोडून देत आहोत.

दुसरी तक्रार घरी भाकर व प्याला नेण्याविषयी आहे. समितीने सांगितले की माणसे कमी आहेत आणि विधीचे महत्त्व एकत्र येण्यात आहे. जस्टिनने रोममध्ये, इ.स. १५५ च्या सुमारास, सम्राटाला उद्देशून ख्रिस्ती विश्वासाचे जे समर्थन लिहिले, त्यात रविवारच्या उपासनेचे वर्णन आहे. प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे लेख वेळ असेल तोवर वाचले जातात, अध्यक्ष बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि पाणी घातलेला द्राक्षारस आणला जातो, आभार मानले जातात, लोक आमेन म्हणतात, प्रत्येकाला वाटा मिळतो, आणि जे हजर नाहीत त्यांच्याकडे तो सेवकांच्या हाती पाठवला जातो. एका छळल्या जाणाऱ्या, इमारत नसलेल्या, गरीब मंडळीलाही आपल्या गैरहजर माणसांकडे वाटा पोचवणे शक्य होते, आणि बाहेरच्या सत्ताधाऱ्याला आपली ओळख करून देताना ही गोष्ट सांगण्याजोगी वाटली. एकत्र येण्याचे महत्त्व त्यांना आपल्यापेक्षा कमी कळत नव्हते. म्हणूनच तर येऊ न शकणारा माणूस त्यांना पंक्तीतून सुटू द्यायचा नव्हता.

यामागे अंतकाळाचाच विश्वास आहे. अंत्युखियाचा अध्यक्ष इग्नाती याला दुसऱ्या शतकाच्या आरंभी शिपायांच्या पहाऱ्यात रोमला नेले जात होते, तिथे त्याला हिंस्र पशूंपुढे टाकायचे होते. वाटेत स्मुर्णा येथून इफिसच्या मंडळीला लिहिताना त्याने एका भाकरीला अमरत्वाचे औषध म्हटले, मरू नये व येशू ख्रिस्तात सदैव जगावे म्हणून घ्यायचा उतारा म्हटले. मरणाकडे चाललेल्या माणसाचे हे शब्द आहेत. याच्या पुढचा विचार इरेनियसने केला. तो आशिया प्रांतातून आलेला, लहानपणी स्मुर्णाचा अध्यक्ष पॉलिकार्प याला ऐकलेला, आणि पुढे आजच्या फ्रान्समधल्या लियों शहराच्या मंडळीचा अध्यक्ष झालेला. देह हा नाशवंत तुरुंग आहे, तारण फक्त आत्म्याचे, असे शिकवणाऱ्या गटांना इ.स. १८० च्या सुमारास उत्तर देताना त्याने विचारले की जो देह प्रभूच्या शरीराने व रक्ताने पोसला जातो तो कुजून संपून जातो असे तुम्ही कसे म्हणता? एकतर मत बदला, नाहीतर भाकर व प्याला अर्पण करणे सोडा. आमचे मत प्रभुभोजनाशी जुळते, आणि प्रभुभोजन आमच्या मताला बळकटी देते, असे तो म्हणतो. गव्हाचा दाणा जमिनीत पडतो, विरघळतो आणि देवाच्या आत्म्याने पुष्कळ होऊन उगवतो. त्याची भाकर होते. ती भाकर खाणारे देहही जमिनीत ठेवले जातील आणि नेमल्या वेळी उठतील.

मी हा भाग मुद्दाम सविस्तर लिहिला, कारण तो माझ्या आईच्या आणि तिच्यासारख्या इतरांच्या थकलेल्या देहांविषयी आहे. ज्यांचे शरीर आता साथ देत नाही, ज्यांना मरण समोर दिसते, त्यांनाच पुनरुत्थानाची ही खूण सर्वांत आधी मिळायला हवी. समितीच्या निर्णयाने ती सर्वांत आधी त्यांच्याच हातून गेली आहे.

तिसरी तक्रार कुपनाची. ही रक्कम लहान आहे, आणि भाज्या, तेल, गॅस यांचा खर्च वाढला आहे, हे मलाही कळते. परंतु पौल करिंथकरांवर रागावला तो कशासाठी? कोणी आधी खाऊन घेतो, कोणी उपाशी राहतो, कोणी पिऊन मस्त होतो, आणि ज्यांच्याजवळ काही नाही त्यांना तुम्ही लाजवता, म्हणून. हे प्रभुभोजनच नव्हे, असे त्याने स्पष्ट लिहिले, आणि उपाय सांगितला तो इतकाच की जेवायला एकत्र याल तेव्हा एकमेकांची वाट पाहा. ‘तो येईपर्यंत’ आणि ‘एकमेकांची वाट पाहा’ ही दोन्ही वचने एकाच अध्यायात, काही ओळींच्या अंतराने आली आहेत; प्रभूची वाट पाहणाऱ्यांनी शेजाऱ्याची वाट पाहायची असते, असा मी त्यांचा अर्थ घेते. कार्थेजचा ख्रिस्ती लेखक तर्तुल्यान याने इ.स. १९७ च्या सुमारास लिहिलेल्या समर्थनात मंडळीच्या पेटीविषयी सांगितले आहे, की दर महिन्याला ज्याची इच्छा असेल आणि ज्याला शक्य असेल तो थोडेसे टाकतो, कोणावर सक्ती नसते, आणि त्यातून गरिबांना अन्न मिळते व त्यांचे दफन होते, अनाथ मुले, म्हातारे नोकर, जहाजे फुटून निराधार झालेले व कैदेतले विश्वासू यांना मदत होते. त्याच प्रकरणात तो प्रीतिभोजनाचे वर्णन करतो आणि सांगतो की त्याचा खर्च हा गरिबांच्या उपयोगी पडत असल्याने लाभच आहे. आपल्या प्रीतिभोजनात गेल्या वेळी कुपन नसल्यामुळे काही कुटुंबे विधी संपताच निघून गेली. त्यांची नावे इथे लिहिणे योग्य नाही, पण समितीतील कोणालाही ती ठाऊक असतील.

विधी किती वेळा व्हावा यावर मी फार लिहीत नाही. प्रेषितांच्या काळी भाकर घरोघरी मोडली जात होती, जस्टिनच्या काळी दर रविवारी. लिमा निवेदनही निदान दर रविवारी असावे असेच सुचवते. वर्षातून चार वेळा ही प्रथा सोळाव्या शतकातल्या झुरिकची आणि जिनिव्हाची, आणि जिनिव्हात ती धर्मसुधारक कॅल्विनच्या मनाविरुद्ध नगरपरिषदेने ठेवली. त्याला निदान आठवड्यातून एकदा विधी हवा होता. १८१३ मध्ये मुंबईत आलेल्या अमेरिकन मिशनऱ्यांच्या कामातून आपल्या भागातल्या कित्येक मंडळ्या उभ्या राहिल्या, आणि क्वचित होणाऱ्या विधीची सवय आपल्याला कॅल्विनच्या परंपरेतल्या सुधारणावादी मंडळ्यांच्या त्या वारशातून मिळाली असावी. त्या मिशनऱ्यांविषयी मला कृतज्ञता आहे. पण आपण कष्टाने महिन्यापर्यंत आलो होतो, तिथून मागे जाण्याचे कारण मला सापडत नाही.

आता व्याख्यानांविषयी. अंतकाळावर बोलू नये असे मी म्हणत नाही. माझी तक्रारच मुळी ते बोलणे विधीतून गेल्याची आहे. काळजी वाटते ती पद्धतीची. जाहिरातीत जो क्रम दिला आहे, म्हणजे आधी विश्वासणाऱ्यांना गुप्तपणे उचलून घेणे, मग सात वर्षांचे संकट, मग उघड येणे, तो आरंभीच्या मंडळीच्या लेखनात मला आढळत नाही. त्याची मांडणी एकोणिसाव्या शतकात जॉन नेल्सन डार्बी यांनी केली आणि १९०९ साली छापलेल्या स्कोफील्ड यांच्या टिपांसहितच्या बायबलमुळे तो जगभर पसरला. ज्यांना तो पटतो त्यांनी तो मानावा. पण मंडळीच्या मुलांना तो प्रेषितांपासून चालत आलेली एकमेव शिकवण म्हणून सांगितला जाऊ नये.

तिसऱ्या शतकाच्या आरंभी हिप्पोलितस या ख्रिस्ती लेखकाने दानीएलाच्या पुस्तकावर भाष्य लिहिले, त्यात त्याने आपल्या काळच्या दोन घटना नोंदवल्या आहेत. सिरियातल्या एका मंडळीच्या पुढाऱ्याने पुष्कळ बंधूंना बायकामुलांसह ख्रिस्ताला भेटायला अरण्यात नेले; ते डोंगरांत भटकत राहिले आणि लुटारू समजून मारले जाण्याच्या बेतात होते, सुभेदाराची पत्नी विश्वासणारी होती म्हणून वाचले. काळ्या समुद्राकाठच्या पंत प्रांतातल्या दुसऱ्या एका पुढाऱ्याने स्वप्नांच्या आधारे वर्षभरात न्याय होणार असे सांगितले. लोकांनी शेते पेरली नाहीत, मालमत्ता विकून टाकली, आणि वर्ष सरले तेव्हा त्यांची श्रद्धा ढासळली. हिप्पोलितसने स्वतःही हिशेब मांडला, पण तो शेवट आणखी कित्येक पिढ्या दूर दाखवणारा होता, घाबरलेल्या माणसांना पुन्हा आपल्या कामाला लावणारा. आणि तर्तुल्यानने ज्या प्रकरणात पेटीविषयी लिहिले त्यातच तो सांगतो की आम्ही सम्राटांसाठी, जगाच्या शांतीसाठी आणि शेवट लांबावा म्हणून प्रार्थना करतो. एकीकडे ‘प्रभू, ये’ ही आरोळी, दुसरीकडे जगाला अजून अवधी मिळावा ही विनवणी. मला या दोहोंत विरोध दिसत नाही. ज्यांना शेवटाची ओढ होती त्यांचेच जगावर इतके प्रेम होते, आणि ते प्रेम ते दर रविवारी मेजाजवळ शिकत होते. तक्त्यासमोर बसलेला श्रोता मात्र स्वतः कोणत्या रांगेत आहे एवढेच पाहतो. मागच्या वेळी अशी व्याख्याने झाली, त्यानंतर माझ्या वर्गातली दोन मुले रात्री झोपत नव्हती, असे त्यांच्या पालकांनी मला सांगितले.

आरंभीची मंडळी निर्दोष होती असा माझा दावा नाही. करिंथकरांचे पत्रच त्याची साक्ष देते, आणि आजच्या तुर्कस्तानातल्या फ्रुगियात, स्वतःला संदेष्टा म्हणवणाऱ्या मोन्तानसच्या अनुयायांनी पेपुझा गावी स्वर्गीय यरुशलेम उतरेल असे धरले, तेही त्याच काळात. पण त्या मंडळीला भलत्या वाटेवरून परत आणणारी जी एक गोष्ट होती ती आपण आपल्या हाताने बाजूला करू नये.

म्हणून माझ्या मागण्या पुढीलप्रमाणे आहेत.

विधीच्या प्रतीत ‘तो येईपर्यंत’ हे शब्द, पुनरागमनाचा उल्लेख आणि मंडळीचा प्रतिसाद पूर्ववत ठेवावा. वेळ कमी करायचाच असेल तर सूचना व सत्कार यांतून तो करावा.

आजारी व वृद्ध सभासदांच्या घरी प्रभुभोजन नेणे पुढच्या महिन्यापासून पुन्हा सुरू करावे. पाळकसाहेबांवर एकट्यावर भार पडू नये यासाठी वडिलांपैकी दोघांना नियमाप्रमाणे नेमावे. सोबत जाणारी माणसे आणि वाहनाची सोय करण्याची जबाबदारी दृढीकरण वर्गाचे पालक व मी घेऊ.

प्रीतिभोजनाचे कुपन रद्द करावे. खर्चासाठी दाराशी बंद पेटी ठेवावी, ज्याला जे शक्य आहे ते त्याने टाकावे, आणि कमी पडेल ती रक्कम दानधर्म निधीतून द्यावी.

प्रभुभोजन दर महिन्याला चालू ठेवावे. ते याहून अधिक वेळा व्हावे का, हा विषय वार्षिक सभेच्या कार्यक्रमपत्रिकेत घ्यावा.

व्याख्याने ठेवायची असतील तर तीनपैकी किमान एक संध्याकाळ आरंभीच्या मंडळीच्या शिकवणीसाठी द्यावी, वेगळी मते असणाऱ्यांना प्रश्न विचारू द्यावेत, आणि बारा वर्षांखालील मुलांना हजेरीची सक्ती करू नये.

या मागण्यांवर समितीच्या पुढील बैठकीत चर्चा व्हावी आणि निर्णय कारणांसह लेखी कळवावा. बैठकीत माझे म्हणणे मांडण्यासाठी बोलावल्यास मी दिदाखे, जस्टिन आणि इरेनियस यांचे संबंधित उतारे मराठीत करून सर्व सभासदांसाठी प्रती घेऊन येईन.

प्रभूमध्ये आपली,
मंडळीची एक सभासद व दृढीकरण वर्गाची शिक्षिका